शिक्का आणि अरण्य : पेतेन येथील वनप्रमाणपत्राचा विचार

कागदावरील शिक्का खरा असला म्हणजे कागदांतील मजकूर प्रत्यक्षांत उतरला असें होत नाहीं, हें इतिहाससंशोधकांस नव्यानें सांगावयास नको. दानपत्र अस्सल ठरलें तरी दिलेली भूमि प्रतिग्रहीत्याच्या ताब्यांत गेली कीं नाहीं, याचा शोध निराळाच करावा लागतो. हीच कसोटी आधुनिक काळच्या एका कागदास, म्हणजे वनप्रमाणपत्रास, लावून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

वृक्षतोडीस नियमांत बांधण्याची कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं असा आशय आला आहे कीं, आंबा, फणस हे वृक्ष रयतेनें बहुत काळ पोसून वाढविलेले असल्यामुळें त्यांस हात लावूं नये. एखादें जीर्ण झाड घेणें झाल्यास धन्यास राजी करून, मोबदला देऊन घ्यावें. तेथें नियम राजाचा आणि दंडहि राजाचा. वनप्रमाणपत्राचा उगम याहून अगदीं भिन्न आहे. १९९२ सालीं रिओ येथील परिषदेंत वनांविषयीं सर्व राष्ट्रांस बंधनकारक असा करार होऊं शकला नाहीं. पुढल्याच वर्षीं, १९९३ सालीं, टोरांटो येथें फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही बिनसरकारी संस्था स्थापन झाली. तिचे नियम पाळणाऱ्यास त्रयस्थ परीक्षक प्रमाणपत्र देतात, दरवर्षीं फेरतपासणी करतात, आणि पांच वर्षांनीं तें पुनः मिळवावें लागतें. शिक्का पाहून ग्राहकानें तो माल पसंत करावा, एवढेंच काय तें त्यामागील बळ.

या शिक्क्यास राजाज्ञेची जोड मिळाल्याचें ठळक उदाहरण मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत आढळतें. त्याच्या उत्तरेकडील पेतेन प्रांतांत प्राचीन माया नगरांचे अवशेष घनदाट अरण्यांत विखुरलेले आहेत. आपल्याकडे आतां घरचाच झालेला चिकू मूळचा याच बाजूचा. तेथें १९९० सालीं सुमारें २१ लक्ष हेक्टरांचें माया संरक्षित अरण्य निर्माण करण्यांत आलें. त्यांतील कांहीं भाग राष्ट्रीय उद्यानें म्हणून राखला. दुसरा मोठा भाग मर्यादित उपयोगासाठीं मोकळा ठेविला. या दुसऱ्या भागांतील वनें १९९४ पासून क्रमाक्रमानें बारा ग्रामसंस्थांस २५ वर्षांच्या करारानें सोंपविण्यांत आलीं, आणि तीन वर्षांच्या आंत उपर्युक्त प्रमाणपत्र मिळवून तें टिकविलें पाहिजे, अशी अट शासनानें घातली.

या अटीमुळें वनव्यवस्थेंत पडलेला फरक लहान नाहीं. पूर्वीं व्यापारी महोगनी व सीडर यांचे उत्तम वृक्ष तेवढे निवडून नेत. आतां तोडीपूर्वीं वृक्षांची मोजदाद करून त्यांस क्रमांक देतात व नकाशा काढतात. वर्षाचें तोडीचें क्षेत्र आंखून घेतात. ठरल्या घेराखालील वृक्षांस हात लावीत नाहींत. बीजासाठीं मोठे वृक्ष राखतात. जमाखर्चहि परीक्षकांपुढें मांडावा लागतो.

परंतु अरण्य राहिलें काय, हा खरा प्रश्न. कार्मेलिता व वाशाक्तून या गांवांस अनुक्रमें १९९७ व २००० सालीं वनें मिळालीं. च्युइंग गमसाठीं चिकूच्या झाडांचा चीक काढणें आणि शाते नांवाच्या ताडवर्गीय झुडुपाचीं पानें गोळा करणें, हीच तेथील लोकांची जुनी उपजीविका. त्यांचीं वनें बव्हंशीं अभंग राहिलीं. सान मिगेल व ला कोलोरादा येथेंहि नियम तेच होते. परंतु जमीन गुरचरणासाठीं जाऊं लागली, आणि २००९ सालीं शासनानें ते करार रद्द केले. याउलट पश्चिमेकडील लागुना देल तिग्रे या राष्ट्रीय उद्यानांत कायद्यानें तोडच वर्ज्य. तरी त्याचा मोठा भाग जाळून गुरांचीं कुरणें करण्यांत आलीं. म्हणजे केवळ मनाई जशी अपुरी पडली, तसाच केवळ शिक्काहि अपुरा पडला.

अन्यत्रचा पुरावाहि एकमुखी नाहीं. बोर्निओंतील इंडोनेशियाच्या भागाविषयींच्या २०१५ सालच्या अभ्यासांत प्रमाणपत्रामुळें वननाश घटल्याचें आढळलें. मेक्सिकोविषयींच्या २०१८ सालच्या अभ्यासांत मात्र तसा परिणाम सिद्ध करितां आला नाहीं.

नैयायिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर घटास दंड हा निमित्तकारण होय. मृत्तिका नसेल तर दंड फिरवून घट होत नाहीं. अरण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट असलेले लोक व त्यांस मिळालेला दीर्घ मुदतीचा हक्क ही येथील मृत्तिका. प्रमाणपत्र हा दंड. दंड निरुपयोगी नव्हे, कारण हिशेब, मोजदाद आणि दूरचा ग्राहक हीं त्याच्यामुळेंच लाभलीं. कार्मेलिताच्या कराराची मुदत २०१९ सालीं वाढवून देण्यांत आली, यांत या दोहोंचाहि वांटा मानावा लागतो. म्हणून लांकडावरील शिक्का पाहणारानें एक प्रश्न अवश्य विचारावा : या वनांत राहतो कोण, आणि त्याचा हक्क किती वर्षांचा?