उभ्या गाडीतला गॅस

आमच्या अंबाजोगाईत दादाची जुनी स्पोर्ट्स कार दसऱ्याच्या पूजेपुरती बाहेर निघते. उन्हाळ्यात पाहावं तर एसीतला गॅस गेलेला! दादा मेकॅनिकवर चिडतो. मला वाटतं, दोष नुसतं उभं राहण्याचा आहे.

फ्रीजचा कॉम्प्रेसर मोटरीसकट बंद डब्यात असतो. गाडीचा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा बाहेर येतो आणि तिथे सील लागतं. ते ओलं ठेवणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. एसी महिनोन्‌महिने बंद राहिला की सील सुकतं आणि गॅस झिरपतो.

१९३९ साली पॅकार्डने कारखान्यातच एसी बसवलेली गाडी दाखवली. तेव्हा गॅस होता आर-१२. असे वायू ओझोन खातात, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं. १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि पुढे गाड्यांत आर-१३४ए आला. तो ओझोनला सोडतो, पण त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांत सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. मराठवाड्याचा उन्हाळा काय कमी तापतो?

म्हणून दादाला सांगते, आधी गळती शोध, सील बदल, मगच गॅस भर. आणि आठवड्यातून दहा मिनिटं तरी एसी लावून परळी रस्त्याला चक्कर मारून ये. गाडी आहे ती, देवघरातली मूर्ती नव्हे!