अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स (पार्श्वसंगीत)

‘पेर उन पुन्यो दी दोल्लारी’ (इंग्रजी नाव ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’) या १९६४ च्या इटालियन वेस्टर्नपटाचे पार्श्वसंगीत. संगीतकार एन्निओ मोरिकोने (१९२८–२०२०). दिग्दर्शक सर्जिओ लिओने (१९२९–८९). मोरिकोने-लिओने जोडीची ही पहिली कलाकृती. वेस्टर्नपटाच्या संगीताचे वळण या रचनेने बदलले आणि ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ या इटालियन वेस्टर्नपटांच्या प्रकाराला त्याचा ओळखीचा आवाज मिळवून दिला.

पार्श्वभूमी : मोरिकोने यांचा जन्म रोमचा. वडील मारिओ व्यावसायिक ट्रम्पेटवादक. एन्निओ यांनी रोमच्या सांता चेचिलिया संगीतविद्यालयात आधी ट्रम्पेटचे आणि पुढे गोफ्रेदो पेत्रास्सी यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. १९५८ मध्ये ते जर्मनीतील डार्मश्टाट येथील नवसंगीताच्या शिबिराला गेले. अमेरिकी संगीतकार जॉन केज त्या वर्षी तेथे होते. कोणताही ध्वनी संगीतात सामावू शकतो, हा केज यांचा विचार मोरिकोने यांनी तेथे जवळून ऐकला. चरितार्थासाठी मात्र ते ‘आरसीए इटालियाना’ या ध्वनिमुद्रिका कंपनीत लोकप्रिय गाण्यांचे संगीत-संयोजन करत. जान्नी मेच्चा यांच्या ‘इल बारात्तोलो’ (१९६०) या गाण्यात त्यांनी घरंगळणाऱ्या पत्र्याच्या डब्याचा आवाज वापरला होता. ‘इल फेदेराले’ (१९६१) पासून ते चित्रपटांना स्वतःच्या नावाने संगीत देऊ लागले.

निर्मिती : ‘जॉली फिल्म’ने स्पॅनिश आणि पश्चिम जर्मन भागीदारांसह काढलेल्या या चित्रपटाचा खर्च सुमारे २ लाख डॉलर होता. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच. दूरचित्रवाणी मालिकेमुळे परिचित झालेले तरुण क्लिंट ईस्टवुड १५ हजार डॉलरांवर नायकाच्या भूमिकेसाठी आले. चित्रीकरण स्पेनमध्ये माद्रिदजवळ आणि अल्मेरियाच्या रखरखीत मुलखात झाले. लिओने यांना आपल्या आधीच्या चित्रपटाचे संगीतकार आंजेलो फ्रांचेस्को लावान्यिनो हवे होते. पण मोरिकोने यांचे नाव निर्मात्यांनी सुचवले. ‘दुएल्लो नेल टेक्सास’ (१९६३) आणि ‘ले पिस्तोले नोन दिस्कूतोनो’ (१९६४) या वेस्टर्नपटांचे काम मोरिकोने यांच्या गाठीशी होते. भेट झाल्यावर दोघांना उमगले, की लहानपणी ते एकाच शाळेत, एकाच वर्गात होते.

चित्रपट अमेरिकी वाटावा म्हणून श्रेयनामावलीत टोपणनावे घालण्यात आली. लिओने ‘बॉब रॉबर्टसन’ झाले, तर मोरिकोने ‘डॅन सॅव्हिओ’.

शीर्षकधून : हिचे मूळ एका जुन्या संयोजनात आहे. अमेरिकी गायक पीटर टेव्हिस यांनी १९६२ मध्ये इटलीत लोकगायक वुडी गथ्री यांचे ‘पाश्चर्स ऑफ प्लेंटी’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले होते. पोटासाठी गावोगाव भटकणाऱ्या शेतमजुरांचे हे गाणे. मोरिकोने यांनी त्याच्या संयोजनात चाबकाचे फटके, घंटा आणि हातोड्याचे ठोके घातले होते. लिओने यांनी ते ऐकले आणि त्यांना हाच साज हवासा वाटला. मोरिकोने यांनी साज कायम ठेवला, गायकाचा आवाज काढून टाकला आणि त्या जागी नवी चाल बांधली.

ही चाल आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांनी शीळ घालून सादर केली. गिटारच्या संथ झंकारावर एकट्या माणसाची शीळ सुरू होते. मध्येच बासरीची छोटीशी गिरकी येते, चाबूक कडाडतो, घंटा वाजते. पुढे इलेक्ट्रिक गिटार चाल उचलून धरते आणि आलेस्सांद्रोनी यांच्याच ‘कांतोरी मोदेर्नी’ या गायकवृंदातील पुरुषांचे स्वर तिला येऊन मिळतात. इजिनिओ लार्दानी यांनी केलेली लाल, काळ्या, पांढऱ्या छायाकृतींची श्रेयनामावली आणि तीतले बंदुकीचे बार या धुनेशी एकजीव झाले आहेत. दिमित्री टिओमकिन किंवा एल्मर बर्नस्टाइन या हॉलिवूडच्या संगीतकारांच्या वेस्टर्नपटांत भरघोस वाद्यवृंदाने माळरानाची भव्यता उभी राहत असे. येथे मोजक्या आवाजांनी एका अनोळखी, बेभरवशाच्या माणसाची चाहूल दिली. बासरीची तीच गिरकी पुढे नायकाच्या चलाखीची खूण म्हणून पुन्हा पुन्हा येते.

द्वंद्वाची धून : अखेरच्या लढतीसाठी ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) मधील टिओमकिन यांची ‘देग्वेयो’ ही ट्रम्पेटची धूनच घ्यावी, असा लिओने यांचा आग्रह होता. मोरिकोने यांनी साफ नकार दिला आणि काम सोडण्याची तयारी दाखवली. मग त्यांनी आपलीच एक चाल पुढे केली. यूजीन ओनील यांच्या सागरी नाटकांच्या दूरचित्रवाणी प्रयोगासाठी त्यांनी पूर्वी एक अंगाई रचली होती. तीच त्यांनी मेक्सिकन वळणाच्या हरकती घालून ट्रम्पेटला दिली. लिओने यांना नीनी रोस्सो हे नामवंत वादक हवे होते; मोरिकोने यांनी मिकेले लाचेरेंझा यांचा आग्रह धरला. लाचेरेंझा यांच्या फुंकीतला व्याकूळ भाव ऐकला की तो आग्रह किती रास्त होता ते पटते. सुरुंगाच्या धुरातून नायक सावकाश पुढे येतो आणि ही धून चढत जाते, तेव्हा मारामारीचा प्रसंग एखाद्या धार्मिक विधीइतका गंभीर होतो. संगीत तोडावे लागू नये म्हणून लिओने यांनी काही प्रसंगांची लांबी वाढवली. दृश्याने संगीतासाठी थांबायचे, ही त्यांच्या पुढील सर्व चित्रपटांची रीत येथे सुरू झाली.

स्वागत : चित्रपट सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये प्रदर्शित झाला आणि इटलीभर तुफान चालला. या संगीतासाठी मोरिकोने यांना १९६५ चा ‘नास्त्रो दार्जेंतो’ पुरस्कार मिळाला. कथानक अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिम्बो’ (१९६१) वर बेतलेले असल्याने कायदेशीर वाद उद्भवला, आणि चित्रपट अमेरिकेत १९६७ मध्ये पोहोचला. स्वतः मोरिकोने पुढे या संगीताला आपल्या उत्तम कामांत गणत नसत.

प्रभाव : ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५), ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) आणि ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या चित्रपटांत ही शैली परिपक्व झाली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतही तिचे पडसाद उमटले. रमेश सिप्पी यांच्या ‘शोले’वर (१९७५) लिओने यांच्या चित्रपटांची छाया स्पष्ट आहे. राहुलदेव बर्मन यांच्या पार्श्वसंगीताने एकट्या माउथ ऑर्गनला दिलेले स्थान आणि खलनायक गब्बरच्या, खडकावरून फरफटणाऱ्या पट्ट्याचा आवाज ही त्याच परंपरेतील उदाहरणे होत.

मूल्यमापन : या नवेपणाचे श्रेय केवळ पैशांच्या चणचणीला देणे अन्यायाचे ठरेल. तुटपुंजे अंदाजपत्रक त्या काळी कित्येक वेस्टर्नपटांचे होते; त्यांतून असे संगीत निघाले नाही. नवसंगीताचा अभ्यास, गाण्यांच्या संयोजनात मुरलेला हात आणि दिग्दर्शकाला नकार देण्याची हिंमत या तिन्हींचा येथे मेळ बसला. रचनेच्या दोन्ही मुख्य धुना जुन्या सामग्रीतून घडल्या. पण कोणता आवाज कुठे आणि किती, हा निर्णय संपूर्णपणे मोरिकोने यांचा होता. चारशेहून अधिक चित्रपट व मालिकांना संगीत देणाऱ्या या संगीतकाराला स्पर्धेतील एकमेव ऑस्कर वयाच्या ८७ व्या वर्षी, २०१६ मध्ये मिळाले, आणि तेही ‘द हेटफुल एट’ या वेस्टर्नपटासाठी.