माईआजीचे दोन पडाव

माईआजीला पडाव म्हणजे होडी वाटली होती. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी थोडी वेगळी सांगायची. तिचं माहेर रत्नागिरीजवळचं. लग्न १९३८ सालचं की ३९ चं, यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ज्या पत्रिकेवरून ते ठरायचं, ती माळ्यावर वाळवीने खाल्ली. तर ही नवी नवरी बंदरावरून पडावात बसून आगबोटीपर्यंत गेली, आगबोटीने मुंबईला आणि तिथून पंजाब मेलने ग्वाल्हेरला. स्टेशनात उतरल्यावर तिचे मामंजी हमालाला म्हणाले, "सामान पडावावर घेऊन चल." आजीच्या पोटात गोळाच आला. बोट लागून ती आधीच अर्धी झाली होती. पदराआडून तिने नणंदेला हळूच विचारलं, "वन्सं, इथेही खाडी आहे का हो?"

वन्सं इतक्या हसल्या की पुढे चाळीस वर्षं दर दिवाळीला ही गोष्ट फराळाबरोबर वाढली गेली.

आमच्याकडचा पडाव म्हणजे मुक्काम, उतरायची जागा. तसं पाहिलं तर आमचं अख्खं गावच तळाच्या नावाचं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला, आणि त्या छावणीचं पुढे शहर झालं ते लष्कर. मराठी घरं सगळी तिथली. किल्ल्याच्या पलीकडे जुनं ग्वाल्हेर, आणि रुळांच्या पूर्वेला मुरार. मुरारमध्ये इंग्रजांची छावणी होती. १८८६ मध्ये त्यांनी झाशी घेतली आणि किल्ला व मुरार शिंद्यांना परत केलं. अशी ही तीन गावं एका नावाखाली नांदतात. लष्करातली बाई मुरारला निघाली की आजही "मुरारला जाऊन येते" म्हणते, जणू परगावीच निघाली आहे. या तिघांच्या मधोमध स्टेशन, आणि स्टेशनाला लागून पडाव. कुठूनही कुठेही जा, पडाव चुकत नाही.

रेल्वे आली ती जयाजीराव शिंद्यांच्या पैशाने. आग्रा ते ग्वाल्हेर या टप्प्यासाठी दरबाराने १८७२ मध्ये पंचाहत्तर लाख रुपये कर्जाऊ दिले होते. आजोबांना हा आकडा तोंडपाठ होता आणि ते तो अशा थाटात सांगत की लहानपणी मला वाटायचं, त्यातले चार आणे तरी आमच्या घरातून गेले असावेत.

पडावावर टांग्यांची रांग असायची. घोड्यांसाठी दगडी हौद होता म्हणे, आणि त्याच्या कडेला ओल्या गवताचा, लिदीचा, चामड्याचा मिळून एक वास. आजी म्हणायची, परक्या मुलखातला तो पहिला ओळखीचा वास, माहेरच्या गोठ्यासारखा. टांगा सवारीवर चालायचा. पुढे टांगेवाल्याशेजारी एक पुरुषमाणूस, मागे पाठीला पाठ लावून तिघी. तिथून बाडा, म्हणजे लष्करातला मोठा चौक, तीनेक मैल. टांगेवाला माणसं कशी बसवायचा ते आजी हाताने करून दाखवायची. आधी दांडीवर हात ठेवून तोल बघायचा. मागे जड झालं की टांगा उलाळ व्हायचा, दांड्या वर उचलल्या जायच्या आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला काचायचा. मग तो म्हणायचा, "बाईजी, जरा आगे सरक लो." पुढे जड झालं तर सगळा भार घोड्याच्या पाठीवर यायचा, तेही चालायचं नाही. मागच्या फळीखाली लोखंडी पायरी असायची, जमिनीपासून वीतभर. आजीच्या आजेसासूबाई ऐंशीच्या घरात होत्या, तरी त्या पायरीवर पाय ठेवून कुणाचा हात न धरता चढायच्या. या पायरीकडे मला पुढे परत यायचं आहे.

फूलबागेशी राणी लक्ष्मीबाईंची समाधी आली की टांगेवाला न सांगता लगाम ओढायचा. बायका हात जोडायच्या. जून १८५८ मध्ये राणी इथे पडल्या. शिंद्यांच्या राज्यात राहून झाशीच्या राणीला हात जोडताना घरातल्या मोठ्यांच्या मनात काय काय होत असेल, हे कुणी बोलून दाखवलं नाही. हात मात्र जोडले जात. आईने ती सवय उचलली, आईची मी.

आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, छोट्या लाइनच्या कचेरीत कारकून होते. ग्वाल्हेर लाइट रेल्वे हे तिचं कागदावरचं नाव. घरात कुणी ते घेतल्याचं मला आठवत नाही. रुळांमधलं अंतर दोन फूट, आजीच्या भाषेत "पाटाएवढं". माधवराव महाराजांना रेल्वेचं वेड होतं. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांची चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे सिगार आणि पेयं घेऊन फिरायची. ती आजही संग्रहालयात बघायला मिळते. महाराज स्वतः इंजीन हाकायचे, हे अण्णांनी ऐकलेलं. ते रुजू होण्याच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, महाराज पॅरिसला गेले होते ते परत आलेच नाहीत. पण अण्णा सांगायचे असं की वाटावं, कोळशाची टोपली त्यांनीच पुढे केली होती.

मला त्या टेबलावरच्या गाडीपेक्षा खरी गाडी मोठी वाटते. १८९९ मध्ये भिंडची आणि शिवपुरीची वाट सुरू झाली, १९०४ मध्ये सबलगढ, १९०९ मध्ये श्योपूर. एका संस्थानिकाने चंबळच्या घळींच्या मुलखात, जिथे पावसाळ्यात बैलगाडी रुतून बसायची, तिथे दर दिवशी ठरल्या वेळेला येणारं वाहन नेलं. शिवपुरी उन्हाळ्याची राजधानी. उन्हाळा लागला की कचेऱ्या तिकडे हलायच्या, दप्तरांबरोबर अण्णाही, आणि काही वर्षं आजी व मुलंसुद्धा. आजी दशम्या आणि घारगे करून घ्यायची. घारगे तांबड्या भोपळ्याचे, कारण ते चार दिवस टिकतात. डब्यात समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, मग डबे उघडले जात, मग सोयरिकी निघत. आमच्या एका आत्याचं लग्न छोट्या लाइनवर जमलं असं म्हणतात. आत्या मात्र ते कबूल करत नाही.

गाडी इतकी हळू, की तिच्यावर टीका केल्याशिवाय कुणाला राहवायचं नाही. अण्णांना ते लागायचं. ते म्हणत, "हळू असो. रोज येते ना? त्याच वेळेला, त्याच जागी?" लहानपणी हे बोलणं मला साधं वाटलं होतं. आज शहराच्या वाहतुकीवर इतकं काही वाचल्यावर वाटतं, अण्णांनी सगळं त्या दोन प्रश्नांत विचारून ठेवलं होतं.

कुळीथ ही आजीची दुखरी जागा. ग्वाल्हेरच्या बाजारात तिच्या मनासारखे कुळीथ नसत. मुंबईहून पंजाब मेलने कुणी येणार कळलं की पुरचुंडी मागवली जायची, आणि अण्णा पडावावर जाऊन थांबायचे. पिठलं संध्याकाळी. ताटाशी बसल्यावर अण्णा पहिला घास घेईपर्यंत आजी त्यांच्या तोंडाकडे बघत असायची.

मी शाळेत जायला लागले तोवर टांगे विरळ झाले होते आणि टेम्पो आले होते. टेम्पो हा शब्दच पुण्याच्या बजाज टेम्पोने देशभर नेलेला. आमच्याकडे मात्र लखनौला बनणारे विक्रमही टेम्पोच. मागे आडवे दोन बाक, आठ माणसांच्या जागेत अकरा. पोरगा मागे लटकून पत्रा बडवायचा, "बाडा-बाडा-बाडा, पडाव, टेसन, हजीरा!" हजीऱ्याकडे गिरणी कामगारांची गर्दी, कारण जियाजीराव कॉटन मिल तिकडे. कपड्यांना चिकटलेला कापूस आणि मिश्र तेलाचा निळा धूर, असा तो वास. त्या धुराने आईला खोकला लागला तो लागलाच. तरीही मी त्या टेम्पोंना नावं ठेवणार नाही. लहान गल्लीच्या तोंडाशी यायचे, हात दाखवला की थांबायचे, आणि मोलकरणीपासून मास्तरांपर्यंत सगळे त्यात बसत. सरकारने जे गणित मांडलं नाही, ते टेम्पोवाल्यांनी अनुभवाने सोडवलं होतं. कुठे किती वाजता किती सवाऱ्या असतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बसचे मार्ग आखणाऱ्यांनी नकाशा उघडण्याआधी एक आठवडा पडावावर चहा प्यावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण बसचं आमच्याकडे फार दुखरं आहे. मध्य प्रदेशात राज्याचं परिवहन महामंडळ १९६२ मध्ये आलं आणि २००५ मध्ये ते बंद करायचा निर्णय झाला. महाराष्ट्रातली भावंडं एसटीच्या गोष्टी सांगतात, लाल डबा, गावोगावची स्थानकं. आम्ही ऐकून घेतो. शहरात मध्येच नव्या बस दिसायच्या. एका वर्षी आमच्या रस्त्यावरूनही एक चालू झाली. आईने वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली. दोन महिने ती रोज सव्वादहाला कोपऱ्यावर जायची, मग बस कधी आली, कधी नाही आली, मग थांबलीच. कॅलेंडरवरचे आकडे वर्ष संपेपर्यंत तसेच होते. आई त्या बसबद्दल काही बोलली नाही. बाड्यावर जाणं तिने कमी केलं.

इंदूरची मावसबहीण २०१३ नंतर मोठ्या कौतुकाने फोन करायची. तिथे निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा साडेअकरा किलोमीटरचा बससाठी राखलेला पट्टा झाला होता. फलाट बसच्या उंचीचा, म्हणून तिच्या सासूबाई एकट्या डॉक्टरांकडे जायला लागल्या. आता तो पट्टाच काढून टाकायचं ठरलं आहे, म्हणे बाकीच्या गाड्यांना जागा पुरत नाही. बसमध्ये पन्नास माणसं आणि मोटारीत दीड. जागा कुणी कुणाची घेतली, हा हिशेब मला काही पटत नाही.

ग्वाल्हेरचा मेळा माधवरावांनी १९०५ मध्ये सुरू केला, तेव्हा तो जनावरांचा. आजी मेळ्यात एकदाच गेली आणि बैल बघून आली. पुढे आम्ही सॉफ्टी खायला जायचो. आता मेळ्याचं मोठं आकर्षण म्हणजे मोटारी, कारण तिथे घेतलेल्या गाडीवर रस्त्याच्या करात निम्मी सूट मिळते. २०११ च्या जनगणनेत शहर साडेदहा लाखांचं होतं, आणि बाड्याकडे जाणारे रस्ते टांग्यांच्या वेळचेच. पडावाच्या पुलावर संध्याकाळी उभं राहिलं की दिसतं, सूट कुठे जाऊन साचली आहे. तेच पैसे बसला मिळाले असते तर, हा विचार मला दर मेळ्यात छळतो.

छोटी लाइन २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली, आणि पुन्हा धावली नाही. श्योपूरला आता मोठी लाइन होते आहे, ते चांगलंच. दोनशे किलोमीटरला दहा तासांवर लागायचे, टपावर माणसं बसायची. त्या लोकांना वेगाची गाडी मिळायलाच हवी. मी मागते ते एवढंच, की घोसीपुरा, मोतीझीलच्या बाजूने शहराच्या अंगातून गेलेली ती जुनी वाट कुणी बांधकामाखाली घालू नये. स्वर्णरेखा नदीवर खांब उभे करून आपण उंच रस्ता बांधतोय, आणि एक तयार वाट, शंभर वर्षांची, जमिनीवर पडून आहे. तिच्यावर छोटी गाडी फिरवा, सायकलींची वाट करा, नुसती झाडं लावून चालायला द्या. २०२५ मध्ये राज्याने पुन्हा प्रवासी बससेवा उभी करायला मंजुरी दिली आहे. मी आशा धरून आहे. वेळ लिहायला कॅलेंडर अजून भिंतीवर आहे.

गेल्या नवरात्रात आईला घेऊन स्टेशनवरून येत होते. आई एकोणऐंशीची. पडावावर ई-रिक्षांचा घोळका, सगळे एकदम बोलावतात. आईचा गुडघा उचलत नाही, आणि रिक्षाची फळी उंच. मी तिला कमरेला धरणार तोच एका पोराने आपल्या सीटखालून लाकडी खोका काढला, उलटा करून फळीखाली ठेवला आणि पायाने दाबून बघितला, हलतो का. "आओ अम्मा." आईने खोक्यावर पाय ठेवला, वर बसली, आणि मागच्या सीटवरच्या दोघा जाड्या गृहस्थांकडे बघत मला मराठीत म्हणाली, "त्यांना म्हणावं एकाने पुढे सरका. उलाळ होईल."

समाधीपाशी त्या पोराने लगाम ओढायचं काही कारण नव्हतं. पुढे गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून रिक्षा थांबली. आईने हात जोडले, मग मी.