नशेतील अपराध आणि दायित्व

नशेत केलेल्या कृत्याचा दोष कर्त्याकडे किती जातो, हा प्रश्न जुना आहे. मिटिलिनीच्या पिटॅकसने मद्यपी गुन्हेगाराला दुप्पट शिक्षा ठरवल्याचे ॲरिस्टॉटल सांगतो.

भारतीय दंड संहितेची कलमे ८५ व ८६ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २३ व २४) एवढी कठोर नाहीत. नकळत किंवा बळजबरीने नशा चढवली गेली आणि आपण काय करतो याचे भानच उरले नाही, तर माफी मिळते. स्वतःहून प्यालेल्याला मात्र शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती, असे कायदा धरून चालतो. हेतू असा गृहीत धरता येत नाही. तो परिस्थितीवरून पाहावा लागतो.

बासदेव खटला (१९५६) याच मुद्द्याचा. लग्नाच्या जेवणावळीत एका निवृत्त जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जरा सरकायला सांगितले. मुलगा हलला नाही. जमादाराने पिस्तूल काढून पोटात गोळी घातली. तो झिंगला होता, अधूनमधून झोकांड्याही जात होत्या. पण गोळी झाडल्यावर पळण्याइतके भान शाबूत होते! सर्वोच्च न्यायालयाने खुनाचाच दोष कायम ठेवला.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये प्यालेल्या चालकाच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर मेले. शिक्षा झाली तीन वर्षे. २०१२ मध्ये ती कायम झाली.