लसीका तंत्र : शरीराचा निचरा आणि रेंगाळणारा दाह

पायाला काटा लागून पिकले, की एकदोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. जुनी माणसे तिला अवधाण म्हणत. पायाची जखम भरली की ही गाठ आपोआप बसते, हेही त्यांना ठाऊक असे. जखम पायाला आणि गाठ जांघेत, या दोहोंना जोडणारी वाट म्हणजे लसीका तंत्र. रक्ताभिसरणाची माहिती बहुतेकांना शाळेपासून असते. लसीकेची आठवण मात्र सूज आल्यावरच होते. वास्तविक शरीरातील दाह वेळेवर शमणार की वर्षानुवर्षे धुमसत राहणार, हे बऱ्याच अंशी या तंत्रावर अवलंबून असते.

रचना आणि कार्य

हृदयाच्या दाबामुळे रक्तातील द्रवाचा काही भाग केशवाहिन्यांतून पेशींच्या सभोवती झिरपतो. त्यातील प्रथिनांचे मोठे रेणू, मृत पेशींचे अवशेष आणि जीवजंतू केशवाहिन्यांत सहज परत शिरू शकत नाहीत. ते वाहून नेण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांची टोके बंद असतात आणि भिंतींतील पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर द्रव साचला की त्यांच्यामधील फटी उघडतात आणि द्रव आत येतो. आत आलेल्या या द्रवालाच लसीका म्हणतात.

मनुष्याच्या लसीकेला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंचे आकुंचन, हातापायांची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांमुळे ती पुढे सरकते, तर झडपा तिला मागे येऊ देत नाहीत. छातीतून वर जाणारी मुख्य लसीकावाहिनी दररोज साधारण २ ते ४ लिटर लसीका मानेच्या पायथ्याशी डाव्या बाजूच्या शिरेत सोडते.

आहारातील बहुतांश स्निग्ध पदार्थही आतड्यांतून याच मार्गाने रक्तात पोहोचतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली यांना १६२२ मध्ये नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याच्या विच्छेदनात दुधासारख्या द्रवाने भरलेल्या वाहिन्या दिसल्या. त्यांचा शोध या तंत्राच्या अभ्यासाचा पाया ठरला.

या वाटेवर मान, काख, जांघ, छाती आणि पोट अशा ठिकाणी शेकडो लसीका ग्रंथी चौक्यांसारख्या बसलेल्या असतात. जंतूंचे अंश तेथे पोहोचले, की लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांची ओळख पटवून झपाट्याने वाढतात आणि ग्रंथी सुजते. जखमेनंतर येणारे अवधाण हे संरक्षणाचे काम सुरू असल्याचे चिन्ह असते.

दाहाचे दुष्टचक्र

लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची लक्षणे. जंतूंचा नाश आणि जखमेची दुरुस्ती यांसाठी दाह आवश्यकच असतो. परंतु काम संपल्यावर तो शमला पाहिजे. त्यासाठी साचलेला द्रव, दाहकारक रसायने आणि तेथे जमलेल्या पेशी हटवाव्या लागतात. हा निचरा प्रामुख्याने लसीकावाहिन्या करतात.

अडचण अशी, की दाहच या निचऱ्याला बाधा आणतो. नायट्रिक ऑक्साइड हा वायू एरवी अल्प प्रमाणात लसीकावाहिन्यांच्या आकुंचनाची लय सांभाळतो. दाहाच्या जागी जमलेल्या पेशी तो अतिप्रमाणात निर्माण करतात, तेव्हा आकुंचन दुबळे पडते. दाहामुळे निचरा मंदावतो आणि निचरा मंदावल्याने दाह रेंगाळतो. प्रथिनयुक्त द्रव दीर्घकाळ साचून राहिला, तर तेथे तंतुमय ऊती आणि चरबी वाढते व सूज टणक होते.

संधिवाताचा आमवात हा प्रकार, आतड्यांचा क्रोन रोग आणि स्थूलता यांतही लसीकावाहिन्यांत बदल आढळले आहेत. उंदरांवरील प्रयोगांत या वाहिन्यांच्या वाढीला चालना दिल्यावर त्वचेचा आणि सांध्यांचा दाह कमी झाला. तथापि कर्करोगाच्या पेशीही याच वाहिन्यांतून पसरत असल्याने असा उपचार दुधारी ठरू शकतो.

दोन परिचित उदाहरणे

या दुष्टचक्राचे ठळक उदाहरण म्हणजे हत्तीरोग. क्युलेक्स डासांच्या दंशातून शिरलेले कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात आणि पाय सुजू लागतो. पुढे बोटांमधील भेगांतून जंतू शिरून थंडीतापाचे झटके येतात. प्रत्येक झटका उरलेल्या वाहिन्यांचे आणखी नुकसान करतो. म्हणून पाय रोज साबणाने धुणे, बोटांमधील जागा कोरडी ठेवणे, भेगांवर वेळीच औषध लावणे आणि पाय उंचावर ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत शासनातर्फे सामुदायिक औषधोपचार मोहीम राबवली जाते. संसर्ग अनेक वर्षे लक्षणांविना राहू शकत असल्याने निरोगी दिसणाऱ्यांनाही ही औषधे दिली जातात.

दुसरे उदाहरण स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचे. काखेतील ग्रंथी काढल्यास किंवा तेथे किरणोपचार झाल्यास काही रुग्णांचा हात सुजतो, कधी काही वर्षांनंतरही. बांगड्या, अंगठी किंवा ब्लाउजची बाही एकाच हाताला घट्ट होणे ही त्याची पहिली खूण असू शकते. या टप्प्यावर दाब देणारी बाही, व्यायाम आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून हलका मसाज यांनी सूज आटोक्यात ठेवता येते. ‘ऑपरेशननंतर असे होतेच’ म्हणून थांबल्यास ती टणक होते आणि उपचार कठीण जातात.

काय करावे, केव्हा दाखवावे

लसीका ‘शुद्ध’ करण्याचा दावा करणारे रस, काढे आणि गोळ्या बाजारात मिळतात. निरोगी माणसाला त्यांचा असा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा नाही. नियमित चालणे, एका जागी तासन्‌तास न बसणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि त्वचेची निगा राखणे या साध्या गोष्टी मात्र उपयुक्त आहेत. सुजलेला पाय निदानाशिवाय कोणाकडूनही चोळून घेऊ नये. संसर्ग, शिरेतील रक्ताची गुठळी किंवा हृदयाचा विकार असल्यास त्यातून अपाय होऊ शकतो. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गाठ तीनचार आठवडे टिकली, वाढत गेली, टणक किंवा न हलणारी असली अथवा गळ्याच्या हाडाच्या वर आली, तर तपासणी आवश्यक आहे. बारीक ताप, रात्री घाम येणे किंवा वजन घटणे अशी लक्षणे सोबत असल्यास मुळीच विलंब करू नये. आपल्याकडे मानेतील दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठींमागे अनेकदा क्षयरोग असतो. पूर्वी गंडमाळ म्हणून लपवला जाणारा हा आजार औषधांनी बरा होतो आणि ही औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. न दुखणारी गाठ निरुपद्रवीच असते, हा समज मात्र चुकीचा आहे. तपासणीची अधिक गरज पुष्कळदा अशाच गाठीला असते.