कारवानी कुत्र्याला योग्य घर शोधताना

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे आणि उंटांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. तेथे अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शनही भरविले जाते. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान आहे, त्यामुळे यात्रेत श्वानाचे कौतुक व्हावे हे स्वाभाविकच होय. मराठवाड्याच्या माळरानावर शिकारी कुत्रा म्हणून जुन्या काळापासून ओळखला जातो तो कारवानी. लांब मुस्कट, अरुंद कंबर, उंच पाय आणि वाऱ्याशी स्पर्धा करणारा वेग ही त्याची लक्षणे. कर्नाटकात हाच कुत्रा मुधोळ या नावाने प्रसिद्ध असून २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि सशामागे धावण्याचे त्याचे परंपरागत काम संपुष्टात आले. काम गेले, तरी अंगातील धाव मात्र तशीच राहिली. हौसेने आणलेले पिल्लू वर्षभरात दोन फुटांहून उंच होते, भिंती ओलांडते, शेजाऱ्याच्या कोंबड्या मारते आणि मग एक तर साखळीला जखडले जाते किंवा रस्त्यावर सोडले जाते. कारवानीचे रक्त असलेल्या संकरित कुत्र्यांच्याही वाट्याला बहुधा हेच येते. अशा कुत्र्याची सुटका करून त्याला काही काळ घरी सांभाळणे व नंतर कायमचे घर मिळवून देणे, यास तात्पुरते पालकत्व म्हणता येईल. कुत्र्याला माया देणे हे या पालकाचे काम आहेच; तथापि त्याचा स्वभाव ओळखणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. स्वभाव न ओळखता दिलेले घर टिकत नाही.

पहिले काही दिवस

आणलेला कुत्रा घरातील इतर जनावरांपासून किमान दोन आठवडे वेगळा ठेवावा. पशुवैद्यकाकडून तपासणी, जंतनाशक, रेबीज व इतर रोगांच्या लसी आणि गोचिडांचा बंदोबस्त प्रथम करून घ्यावा. गोचिडांमुळे येणारा ताप वेळीच उपचार न झाल्यास जीवघेणा ठरतो. कारवानीच्या अंगावर चरबी अत्यल्प असते. भुलीच्या काही औषधांचा परिणाम त्यामुळे त्याच्यावर अधिक काळ टिकतो. नसबंदीपूर्वी ही बाब डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावी. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचाही लाभ घेता येतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

ज्वारीची भाकरी, अंडी, शिजवलेले मांस आणि वरण हा आहार त्याला मानवतो. मात्र कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट त्याला विषासमान आहेत.

ऊर्जेला वाट

नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. फिरविणे सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिराच करावे. तापलेल्या डांबराने तळवे भाजतात. कारवानीची मान डोक्याहून जाड असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून ओढ बसताच थोडा आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीपट्टा वापरावा. पळणारी वस्तू दिसली की हा कुत्रा हाक ऐकत नाही. कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळे सोडणे म्हणजे रस्त्यावरील वाहनांच्या स्वाधीन करणे होय.

केवळ धावण्याने तो शांत होत नाही. खाऊ लपवून शोधायला लावणे, बसणे व थांबणे शिकविणे, यांतून त्याच्या बुद्धीलाही श्रम मिळतात. पुरेशी धाव मिळालेला कारवानी दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, हे अनेकांना ठाऊक नसते. या काळात पालकाने छोटी नोंदवही ठेवावी. तो मुलांशी कसा वागतो, शेळ्या-कोंबड्या पाहून काय करतो, एकटा राहतो का, फटाक्यांना भितो का, या नोंदी पुढे निर्णायक ठरतात.

घराची पारख

इच्छुकाचे घर प्रत्यक्ष पाहावे. भिंत किमान सहा फूट उंच आहे का, घरमालकाची संमती आहे का, पहाटे फिरविणार कोण, हे विचारावे. लातूर आणि नांदेड ही शिकवणी वर्गांची शहरे आहेत. दोन वर्षांनी गाव सोडणाऱ्या विद्यार्थ्याकडे दहा-बारा वर्षे जगणारे जनावर सोपविणे दोघांवरही अन्याय करणारे ठरते. शेतात राखणीसाठी कुत्रा मागणारे अनेक असतात. तेथे मोकळी जागा असते, पण शेळ्या-कोंबड्याही असतात आणि बरेचदा साखळीही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार जनावर अवाजवी आखूड साखळीला दीर्घकाळ बांधणे, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि त्याला वाऱ्यावर सोडून देणे हे गुन्हे आहेत. ही गोष्ट नव्या मालकास स्पष्टपणे सांगावी.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी मात्र अर्जदारावर टाकली. चुकीच्या घराची किंमत आता कुत्र्याबरोबर माणसालाही मोजावी लागू शकते.

कुत्र्याचे दोष लपवून दिलेले घर लवकर मोडते. म्हणून नोंदवही, लसीकरण कार्ड व नसबंदीचा दाखला नव्या मालकाच्या हाती द्यावा. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची रीत शिकतो आणि रुळण्यास साधारण तीन महिने लागतात, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. या तिन्ही टप्प्यांवर विचारपूस करावी. न जमल्यास कुत्रा परस्पर कोणाला न देता पालकाकडेच परत आणावा, अशी लेखी अट प्रारंभीच घालून घ्यावी.