फावडे हाती घेतलेले तीस लाख तरुण

पोरगा वयात आला की घरातली वडील माणसे म्हणतात, "आता जरा जबाबदारीनं वाग." पण जबाबदारीने वागायचे तर आधी कोणीतरी जबाबदारी हाती द्यावी लागते, आणि तेवढेच नेमके राहून जाते. आज माती, पाणी आणि झाडी टिकवण्याचा प्रश्न साऱ्या जगापुढे आहे, आणि त्यासाठी तरुणांनी पुढे यावे असे जो तो म्हणतो. पण असे तरुण तयार व्हायचे कसे? नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत याचा एक मोठा प्रयोग झाला. त्याची हकीगत आज सांगायची आहे.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंती येते. १९३३ साली मात्र तिथे दर चार कामकऱ्यांत एकजण बेकार होता. बँका बुडाल्या होत्या. कामाच्या शोधात हजारो तरुण मालगाड्यांत चोरून बसत आणि गावोगाव हिंडत. तिकडे जमिनीचीही दैना झालेली. जंगले बेसुमार तुटली होती, उतारावरच्या शेतांत खोल ओघळी पडल्या होत्या. मधल्या मुलुखातली गवताची राने गव्हासाठी नांगरून टाकली, आणि त्यावर अवर्षण आले. मे १९३४ मध्ये तिथली माती वावटळीने अशी उडाली की न्यूयॉर्क शहर धुळीने झाकोळले आणि अटलांटिक समुद्रातल्या जहाजांवर तिचा थर बसला. म्हणजे बघा, माती बेवारस आणि पोरेही बेवारस!

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. या दोन दुखण्यांना त्यांनी एकच औषध काढले. ३१ मार्चला कायदा झाला आणि १७ एप्रिलला व्हर्जिनिया राज्यातल्या जंगलात पहिली छावणी पडली. हेच ते नागरी संवर्धन दल. सुरुवातीला १८ ते २५ वर्षांचे, बेकार आणि अविवाहित तरुण त्यात घेतले. जेवण, कपडे, निवारा दलाचा. पगार महिना ३० डॉलर. त्यांतले साधारण २५ डॉलर परस्पर घरी जात. पोरगा रानात झाड लावी आणि त्याच्या आईच्या घरी चूल पेटे.

एका छावणीत सुमारे दोनशे तरुण असत. छावणीची शिस्त सैन्यातले अधिकारी पाहत, कामाची आखणी वनखाते आणि मृदसंधारणाचे जाणकार करीत. शहरातल्या कित्येक पोरांनी कुऱ्हाड कधी हातात धरलेली नव्हती. म्हणून त्याच पंचक्रोशीतली अनुभवी माणसे, म्हणजे लाकूडतोडे आणि रानाची वाट न वाट ठाऊक असलेले गडी, त्यांच्याबरोबर नेमली. पदवी नसलेले हे गुरुजी पोरांना हत्याराला धार लावण्यापासून सारे शिकवीत.

आणि खरी मेख पुढेच आहे. पोरांमधूनच टोळीचे नायक आणि उपनायक निवडले जात. नायकाला महिना ४५ डॉलर, उपनायकाला ३६. नायक म्हणजे नुसता मान नव्हे. आज कुठे खणायचे, हत्यारे किती, कोण आजारी, काम पक्के झाले की नाही, या सगळ्याचा जाब त्याला द्यावा लागे. विशीतला पोरगा हे करी. संध्याकाळी छावणीत वर्ग भरत, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती असे हजारो तरुण तिथे लिहावाचायला शिकले.

कामाचे एक उदाहरण देतो. विस्कॉन्सिन राज्यात कून व्हॅली नावाचे खोरे आहे. पावसाने तिथली शेते धुऊन निघत. १९३३ पासून तिथे साऱ्या खोऱ्याचा एकत्र विचार करून काम सुरू झाले. शेतकऱ्यांनी करार केले, दलाच्या तरुणांनी अंगमेहनत केली. उताराला आडवी नांगरट, पिकांचे आडवे पट्टे, ओघळींत बांध, उभ्या उतारांवर गुरांना बंदी. बांधबंदिस्ती करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे नवल वाटायचे नाही. ते खोरे सावरले आणि इतरांना धडा झाले.

नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुण या दलातून गेले. त्यांनी लावलेली झाडे तीनशे कोटींच्या घरात मोजतात. १९३५ साली अशाच कामावर नायक म्हणून एक एकवीस वर्षांचा गरीब विद्यार्थी होता, नॉर्मन बोरलॉग. हाताखाली आलेले कित्येकजण उपाशी होते; पोटात अन्न गेल्यावर माणूस कसा पालटतो ते आपण तिथे पाहिले, असे तो पुढे सांगत असे. बुटक्या जातीचा अधिक पिकाचा गहू त्यानेच तयार केला. १९६० नंतरच्या दशकात तो गहू आपल्या देशात आला, आणि १९७० साली बोरलॉग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वंश वा रंग पाहून भेद करू नये असे कायद्यात लिहिले होते. तरीही दोन लाखांहून अधिक काळ्या तरुणांपैकी बहुतेकांना वेगळ्या छावण्यांत ठेवले, आणि वरच्या जागा गोऱ्यांकडेच राहिल्या. मुलींना या दलात जागाच नव्हती. कामातही चुका झाल्या. धूप थांबावी म्हणून दक्षिणेत कुडझू नावाचा जपानी वेल सरकारी प्रोत्साहनाने सर्रास लावला. तो इतका माजला की झाडेच त्याखाली गुदमरली. १९७० साली तिथल्या शेतीखात्याला त्याची गणना तणांत करावी लागली. रोप लावले म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे. ते पुढे काय करते हेही पाहावे लागते.

महायुद्ध पेटले, तरुण लढाईवर गेले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात दलाचा पैसा बंद झाला. झाडे मात्र उभी राहिली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्याकडे तीस लाखांचे दल नसेल, पण वर्गात तीस मुले-मुली आहेत. पावसाळ्यात रोपे लावताना पाच-पाच जणांची टोळी करा. नायक त्यांच्यातलाच नेमा. आज मुलगा तर उद्या मुलगी. गावातला एखादा जाणता शेतकरी त्यांच्याबरोबर द्या. आणि हिशेब पावसाळ्यात घेऊ नका, चैत्रात घ्या. किती लावली हे विचारू नका. किती जगली आणि जी मेली ती का मेली, हे नायकाला सर्वांसमोर सांगू द्या.